पाणी वाहणारा शेजारी

आपली ओळख करून देताना तो म्हणायचा, "मी वासरट्रेगर होतो." शब्दशः अर्थ, पाणी वाहणारा. जर्मनीत, वाल्डॉर्फला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारा हा पोर्तुगीज माणूस पेयांच्या दुकानात खोकी उचलत असणार, असं मी धरून चालले आणि दोन महिने त्याच समजुतीत होते. घरात त्याचं नाव पडलं पाणक्या. मग एकदा त्याच्या बायकोनं, गुडरूननं, मला सगळं नीट सांगितलं. तो बारा वर्षं व्यावसायिक सायकलपटू होता. शर्यतीत कॅप्टनला बाटल्या नेऊन देणाऱ्या, त्याच्यासाठी वारा अंगावर घेणाऱ्या गड्याला जर्मन लोक असंच म्हणतात. बारा वर्षांत तो एकही शर्यत जिंकला नव्हता. हे सांगताना ती हसत होती, आणि मी हसावं की नाही ते मला कळेना.

शाळेनंतर सुटलेली सायकल त्यानं मला पुन्हा धरायला लावली. शतावरीच्या शेतांमधून आम्ही जायचो. तो मध्येच डावीकडून उजवीकडे यायचा, परत डावीकडे जायचा. त्याला वळायचंय असं वाटून मी ब्रेक दाबायचे. शेवटी वैतागून विचारलं, तर म्हणाला, "वारा तिकडून आहे." मला आडोसा मिळावा म्हणून तो बाजू बदलत होता. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं. त्यालाही आपण हे करतोय याचा पत्ता नव्हता. दुकानातून पिशव्या घेऊन चालत येतानासुद्धा तो तेच करायचा.

त्याच्या आयुष्यातली एक शर्यत मात्र मी नीट ऐकली आहे, कारण ती इथून जवळच, ओडेनवाल्डच्या डोंगरात झाली. शेवटचे दहा किलोमीटर उरले होते आणि तो एकटा सगळ्यांच्या पुढे होता. तेवढ्यात कानातल्या यंत्रातून हुकूम आला: थांब, कॅप्टन पडलाय, त्याला पुढे ओढून आण. तो थांबला. एक पाय जमिनीवर टेकवून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. सगळे स्पर्धक पुढे निघून गेले. मग संघाची गाडी गेली, तिच्यात खांदा मोडलेला कॅप्टन होता. कॅप्टननं शर्यत सोडल्याचं याला कुणी कळवलंच नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"विसरले असतील. धांदल असते," तो म्हणाला. "समोरच्या घराच्या फाटकाशी गुडरून उभी होती, तेव्हा ओळखही नव्हती. का थांबलास म्हणून विचारत होती, आणि मला जर्मन येत नव्हतं. जिंकत असतो तर तिच्यासमोरून ताशी पन्नासच्या वेगानं निघून गेलो असतो."

हे ऐकून मला बरं वाटलं. माणूस समाधानी आहे, असं मी अमितला, माझ्या नवऱ्याला, सांगितलंही. पण गुडरून एकदा सहज बोलून गेली, की दरवर्षी टीव्हीवर ती शर्यत लागली की तो केलरमध्ये, म्हणजे तळघरात, जाऊन बसतो आणि ती संपेपर्यंत वर येत नाही. तेव्हापासून कुठलं खरं धरायचं, ते मला ठरवता आलेलं नाही.

मी पुण्यात दातांची डॉक्टर होते. इथल्या परवान्याच्या परीक्षेची तारीख मिळायला दोन वर्षं लागली, आणि नेमकी तेव्हाच अमितची बर्लिनला बदली झाली. आधी तिथे बस्तान बसवू, मग तू तिथून नव्यानं अर्ज कर, असं अमितचं म्हणणं. थोडं थांबलीस तर काय बिघडतं, असं सासूबाई फोनवर म्हणाल्या. मी खाली केलरमध्ये गेले. पाणक्या एक चाक सरळ करत बसला होता. थांबू नकोस, असं तो म्हणेल याची मला खात्री होती.

"थांबायचं तर थांब," तो चाकावरची नजर न काढता म्हणाला. "थांबणं वाईट नसतं. फक्त ज्याच्यासाठी थांबतेस तो मागून येतोय ना, एवढं विचारून घे."

मी अमितला विचारलं: माझ्यासाठी थांबायची तुझी पाळी कधी येईल? तो म्हणाला, "मला माहीत नाही." निदान खोटं बोलला नाही. मी परीक्षा दिली, पास झाले. अमित एकटा बर्लिनला गेला आणि पाच महिन्यांनी परत आला. यात कोण कुणासाठी थांबलं, हे आम्ही अजून ठरवलेलं नाही.

गेल्या वसंतात पाणक्या गेला. सकाळी दुकानात, पाव घेताना, हृदय बंद पडलं. अंत्यविधीला एक उंच, एका खांद्यातून वाकलेला माणूस आला होता. तो कॅप्टन होता. गुडरूननं मला त्याला स्टेशनवर सोडायला सांगितलं.

फलाटावर तो एकदम म्हणाला, "मी त्याला पाहिलं होतं, गाडीतून. रस्त्याकडे बघत उभा होता. गाडी थांबवा, एवढं म्हणायचं होतं. मला तोंड दाखवायची लाज वाटली." मग विचारलं, "तो माझ्यावर रागावला होता का?"

मला गुडरूनचं फाटक आठवलं आणि केलरही. सहा वर्षं शेजारी राहून मला सांगता येईना. "मला माहीत नाही," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. "त्यानंतर दोन वर्षं तो माझ्याच संघात होता. रोज सकाळी येऊन विचारायचा, आज पाय कसे आहेत. मी सांगायचो. त्याचे कसे आहेत, हे मी कधी विचारलं नाही."