ताट फेकणाऱ्यांच्या घरातला मी

लग्नाला दोन महिने झाले होते. माझी नोकरी धुळ्याच्या एका सरकारी कार्यालयात, म्हणून आम्ही तिथल्याच देवपूर भागात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. बायको दोंडाईच्याची, नुकतीच शाळेत शिकवायला लागलेली. एका रविवारी दुपारी तिने शेवभाजी केली. ती तिखटजाळ झाली होती. मी पहिला घास घेतला आणि ताट उचलून भिंतीवर मारलं.

आज हे लिहिताना लाज वाटते. त्या वेळी मात्र काही विशेष केल्यासारखं वाटलंच नव्हतं. रावेरकडे आमची केळीची शेती. त्या घरात आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं ताट महिन्यातून एकदोनदा असंच उडायचं. कधी भाकरी गार म्हणून, कधी मीठ कमी म्हणून, कधी शेतातलाच राग घरी आलेला. आई न बोलता सगळं गोळा करायची आणि दुसरं ताट वाढायची. आबा जेवायचे, विषय संपायचा. पुरुष रागावला की असंच होतं, एवढंच मी शिकलो होतो.

माझ्या बायकोने काहीच गोळा केलं नाही. तिने आपलं जेवण संपवलं, हात धुतले आणि म्हणाली, "फडकं मोरीत आहे."

"म्हणजे?"

"तुम्ही सांडलंत, तुम्ही पुसा. मी भांडणार नाही, रडणार नाही. पण पुसणारही नाही."

मी पुसलं नाही. सोमवारी रस्सा वाळला, मंगळवारी मुंग्या लागल्या. ती रोज वेळेवर स्वयंपाक करायची, मला वाढायची आणि त्या भिंतीकडे पाठ करून जेवायची. बुधवारी कार्यालयातून लवकर घरी आलो आणि न राहवून जळगावला अक्काला फोन लावला. अक्का माझी मोठी बहीण. ती माझीच बाजू घेणार, याची मला खात्री होती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आपल्या सैपाकघराची भिंत आठोते का रे तुले?"

आठवत होती तर! सगळ्या गल्लीत एवढं पांढरंशुभ्र स्वयंपाकघर दुसरं नव्हतं. लहानपणी मला त्याचा फार अभिमान होता.

"आई दर खेपेला चुना लावे," अक्का म्हणाली. "तू शाळेतून यायच्या आत. मी डबा धरून उभी राहे. डाग दिसला तं लोक काय म्हनतीन, म्हनून. मी दहा-अकरा वर्षांची व्हती." मग तिचा आवाज चढला. "अन् तुही बायको पुसत नही, म्हनून तू मले फोन करतो? चांगली पोरगी भेटली तुले. जाय, फडकं घे."

मी फडकं घेतलं. तेल भिंतीत मुरलं होतं. साबण लावून घासलं, नखांनी खरवडलं, तरी पिवळा ठसा राहिलाच. घासता घासता, हेच काम माझ्या आईने किती वेळा केलं असेल, ते मनात आलं आणि मी तिथेच खाली बसलो. बायको शाळेतून आली. तिने पिशवी ठेवली, बादलीतलं गढूळ पाणी ओतून स्वच्छ पाणी आणून दिलं.

त्या दिवशी मी बदललो असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर एकदा पेला फेकला, एकदा वाटी. दोन्ही वेळा मीच पुसलं. मग एक सवय लावून घेतली. राग चढला की ताटावरून उठायचं आणि पांझरा नदीच्या पुलापर्यंत चालत जाऊन यायचं. सुरुवातीला आठवड्याला फेरी व्हायची, पुढे महिन्याला. परत येईपर्यंत बायको माझं ताट झाकून ठेवायची. आमच्या लेकीला तर लहानपणी वाटायचं, सगळ्यांचेच वडील अर्ध्या जेवणातून फिरायला जातात.

मागच्या वर्षी आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. चौथ्या दिवशी भाकरी जरा करपली. आबांनी ताट उचललं. मी त्याची दुसरी कड धरली.

"आबा, या घरात ताट फेकत नाहीत."

पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी आबांना पहिल्यांदाच अडवत होतो. लेक बघत होती. काही क्षण आम्ही दोघंही ते ताट धरून होतो. मग आबांनी हात सोडला आणि उठून गॅलरीत गेले. मी मागोमाग गेलो. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने ते रस्त्याकडे पाहत होते.

"माह्या बापानंही फेकलं," ते म्हणाले. "माहा हात कोन्ही धरला नही रे."

मी त्यांचं ताट तिथेच आणून दिलं. ते खुर्चीवर बसून जेवले.

माणूस मोठेपणी बदलतो का, असं कुणी विचारलं तर मी माझ्यापुरतं सांगतो. राग अजून येतो, तसाच, बापासारखा. त्याचं काय करायचं ते मला एका बाईने न पुसून आणि दुसरीने फोनवर खडसावून शिकवलं. त्यांनी मला सोडून दिलं नाही, म्हणून माझं घर घरासारखं राहिलं. हे ऋण मी बोलून कधी दाखवलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवतो आहे.

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. आबा अजून ओरडतात, अर्ध्या गल्लीला ऐकू जातं. "पन परवा भाकर कच्ची राह्यली," आई सांगत होती, "तं ताट पुढे सरकोलं अन् म्हने, ही परत शेक." एवढं बोलून ती हसायला लागली. हसणं थांबेचना. जेवणाच्या गोष्टीवर आईला हसताना मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो. फोन मी बायकोच्या हातात दिला. दोघी बराच वेळ बोलत बसल्या. काय बोलल्या, ते मी विचारलं नाही.