सूर्य गिळणारा साप आणि वहिनीचा आठवा महिना

मावशीच्या मुलानं वाचून टाकलेली पाच जाडजूड इंग्रजी पुस्तकं आमच्या घरी आली, तेव्हा मी अकरावीत होते. जुन्या इजिप्तच्या देवांची एक लांबलचक साहसकथा होती ती. तिथला सूर्यदेव दिवसा आकाशातून जातो आणि रात्री नावेत बसून पाताळातून परत पूर्वेला येतो. वाटेत बारा दरवाजे, प्रत्येकावर कुणीतरी भयंकर राखणदार, आणि पाण्यात दबा धरून बसलेला एक प्रचंड साप. त्याला रोज रात्री सूर्य गिळायचा असतो. गोष्टीची नायिका माझ्याच वयाची, एका नावाड्याची पोर. बाप मेल्यावर सूर्यदेवाच्या नावेचं वल्हं तिच्या हातात येतं. मी मोबाइलवर शब्दांचे अर्थ बघत अडखळत वाचायचे आणि इतकी घाबरायचे की अंधार पडल्यावर मोरीकडे जायला वहिनीला सोबत न्यायचे. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पुस्तक घेऊन बसायचं. अशी मजा मला तोवर कशातच आली नव्हती.

वहिनीला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी तिला आपल्या बोलीत सांगायचे. ती भाकरी थापता थापता नायिकेला शिव्या घालायची. "येडी हे का ही? त्यो साप मागून येऊन राह्यला अन् ही पुढं बघती!" गरोदर बायांची राखण करणारी एक देवी होती त्यात, पाणघोड्याच्या तोंडाची, पोट सुटलेली. ती वहिनीला फार आवडली. "माझ्यावानीच दिसती," म्हणायची आणि स्वतःच्या पोटावरून हात फिरवायची.

तिला आठवा महिना होता. आदल्या वर्षी एक बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. आमची आई तर पाणीही फुंकून प्यायला लागली होती. वहिनीनं कुठं बसायचं, कुणाच्या दारावरून जायचं नाही, सगळं आई ठरवायची. भाऊ पुण्याला कंपनीत होता, दिवाळीलाही सुट्टी मिळाली नव्हती. वडील नव्हते. घरात आम्ही तिघीच.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधल्या दिवशी सूर्यग्रहण आलं. दुपार कलल्यावर लागणार आणि सूर्य तसाच ग्रहणात मावळणार. आमच्याकडे ग्रहणात गरोदर बाईनं चिरायचं नाही, शिवायचं नाही, झोपायचं नाही, आणि उजेडात तर मुळीच यायचं नाही. नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. वेध लागल्यापासून खायचं-प्यायचं नाही. गरोदर बाईला त्यात सूट असते म्हणे, पण आईनं ती घेऊ दिली नाही. मी बारीक आवाजात म्हणाले, "आई, हे सगळं खोटं असतं." आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुस्तक उचलून गुमान वहिनीच्या खोलीत गेले. विज्ञान शाखेतली मी, माझं विज्ञान तेवढंच.

खिडकीला गोधडी लावलेली होती. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. मी मोबाइलच्या उजेडात वाचून सांगू लागले. नेमकं कुठं पोचलो होतो, तर साप सगळ्या नदीचं पाणी पिऊन टाकतो. नाव वाळूत रुतते. पोर वल्हं मारते, खाली उतरून ढकलते, रडते, पण नाव काही हलत नाही.

"हलतच न्हाई?" वहिनीनं विचारलं.

"न्हाई."

तिनं पोटावर दोन्ही हात ठेवले. मग हळूच म्हणाली, "ताई, ह्ये बी सकाळपासून हललं न्हाई."

साप-बिप सगळं डोक्यातून उडालं. मी देवघराकडे पळाले. आई माळ घेऊन बसली होती. मी सांगितलं. तिनं विचारलं, "बराबर सांग, कवापासून?" मी सांगितलं. ती दाराकडे बघत राहिली. बाहेर भलताच मळकट उजेड पडला होता. आता ही म्हणणार, दिवस मावळू दे मंग बघू, असं वाटून मला रडू फुटलं.

आईनं माळ ठेवली. जाड चादर काढली, वहिनीला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळली आणि शेजारच्या चाचांच्या दारात जाऊन त्यांची रिक्षा काढायला सांगितलं. चाचा घाबरले. "भाभी, गहन लगा है. बहू को ऐसे में बाहर?"

"तुम्ही जल्दी काढा," आई म्हणाली.

तालुक्याला, भोकरदनला जाणारा रस्ता ऐन दिवाळीत ओस पडला होता. फटाका नाही, माणूस नाही. समोर कपाशीच्या शेतांवर सूर्य खाली येत होता, वरून खाल्लेला. मी बघू नये म्हणून मान खाली घालायचे आणि पुन्हा बघायचे. तो तसाच, उष्टा, मातीआड गेला. पुस्तकात निदान पानं उलटली की पहाट व्हायची. इथं काय होईल, मला काही कळत नव्हतं. चादरीतून वहिनीनं माझं बोट धरलं होतं, आणि आईनं आपले दोन्ही तळवे तिच्या पोटावर पसरून ठेवले होते.

दवाखान्यात सिस्टरनं पोटावर यंत्र ठेवलं. नुसती खरखर. तिनं ते सरकवलं. पुन्हा खरखर. आईचे ओठ हलत होते. मग खोलवरून शिलाई मशीन चालावं तसा आवाज आला, जलद, न थांबता. वहिनी हुंदके देऊन रडू लागली.

डॉक्टरीणबाई आल्या, तपासलं आणि आईवर भडकल्या. "दिवसभर उपाशी ठेवलं? पाणीसुद्धा नाही? हालचाल कशी कळेल?" सलाईन लावलं. थोड्या वेळानं बाळानं लाथ मारली.

पुढचे दिवस मी उरलेली गोष्ट सांगत राहिले. आई दाराशी वाती वळत बसायची, ऐकत नाही असं दाखवत. एकदा एकदम म्हणाली, "त्या पोरीच्या लेकराला काही झालं न्हाई ना?" मी हसले, म्हणाले, तिला लेकरूच नाही. आई हसली नाही. तिचं जेवणही कमी झालं होतं. मला वाटलं, डॉक्टरीणबाईंचं बोलणं लागलं असेल.

बाळंतपण त्याच दवाखान्यात झालं. सिस्टरनं दुपट्यातलं बाळ आईच्या हातात दिलं. मुलगा की मुलगी, आईनं विचारलंच नाही. खिडकीच्या उजेडात नेऊन तिनं बोटानं त्याचा वरचा ओठ चाचपला, एकदा, दोनदा. करंगळीनं तोंडातली टाळू पाहिली. मग तिथंच फरशीवर बसली आणि बाळाला छातीशी धरून मोठ्यानं रडू लागली. तिनं मनोमन धरून ठेवलं होतं की त्याचा ओठ आपण आपल्या हातानं फाडलाय. हे पक्कं ठाऊक असूनच ती त्या दिवशी घराबाहेर पडली होती.

मी शेजारी बसले. "आई, बघ की, चांगला आहे ना ओठ."

तिनं पदरानं नाक पुसलं. "फाटका असता तरी चाल्ला असता गं," ती म्हणाली. "हलायला पायजे व्हतं नुसतं."