सागाची फांदी आणि पिवळी टेप

भरतचा पाय गुडघ्याखालून काढला त्या दिवशी मी घरी येऊन देव्हाऱ्याकडे पाठ करून बसलो. आईने दिवा लावला, मला हाक मारली, मी उठलो नाही. डहाणूच्या महालक्ष्मीवर आमच्या घराची तीन पिढ्यांची श्रद्धा. मसोलीत आमचं घर आहे, आणि चैत्रात विवळवेढ्याला तिच्या जत्रेला जाणं आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. जसं जेवायला बसतो तसं जातो. त्या दिवशी मात्र मला वाटत होतं की देवी आहे की नाही हा प्रश्नच नाही. असली तरी मी तिच्यासमोर कुठलं तोंड घेऊन जाऊ? जे घडलं त्यात तिची चूक नव्हती, माझी होती, आणि ती मी तोवर कुणाला सांगितली नव्हती. आज सांगतो.

आम्ही चौघे. नंदू आमचा म्होरक्या, गॅरेजवाला, जंगलातली प्रत्येक पायवाट त्याला पाठ. जिग्नेश, ज्याची तलासरीच्या पुढे चिकूची वाडी आहे. मी, आणि भरत. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार आम्ही डर्ट बाईक घेऊन पूर्वेकडच्या डोंगरात जातो. जाड दात्यांचे टायर, उंच सायलेन्सर, छातीला चिलखत, गुडघ्यापर्यंत बूट. चाळिशी ओलांडलेली माणसं असा वेश करून निघाली की बायका हसतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. भरतला यात मीच ओढलं. तो शाळेपासूनचा मित्र, सावकाश माणूस. जेवतोही सावकाश, बोलतोही सावकाश, आणि बाईक तर अशी चालवायचा की शेजारून बकऱ्या पुढे जाव्यात. मी त्याला यावरून फार चिडवायचो. माझ्या चिडवण्यात गंमत कमी आणि वैताग जास्त असायचा, हे मला तेव्हाही कळत होतं.

आमच्यात एक नियम आहे. वाट माहीत असलेला सगळ्यांत पुढे जातो. फाटा आला की त्याच्या मागचा तिथे थांबतो, मागून येणाऱ्यांना वाट दाखवतो, आणि शेवटचा गडी येईपर्यंत जागचा हलत नाही. ऊन असो, तहान लागलेली असो, हलायचं नाही. जंगलात फोन लागत नाही, त्यामुळे सगळी भिस्त या एका नियमावर. नंदू नव्या माणसाला बाईकच्या आधी हा नियम शिकवतो.

होळीनंतरचा रविवार होता. आदल्या रात्री जिग्नेशच्या वाडीवर मुक्काम करून सकाळी आम्ही डोंगरात शिरलो. अकराच्या सुमारास एका टेपाडावर वाटेला दोन फाटे फुटले. उजवी वाट बंधाऱ्याकडे जाणारी, आमची. डावी सरळ खाली ओढ्यात उतरणारी, दगडांची. नंदूच्या मागे मी होतो, म्हणून मी थांबलो. जिग्नेश आला, त्याला उजवीकडे पाठवलं. भरतचा पत्ता नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हेल्मेटमध्ये घाम डोळ्यांत जात होता. कुठेतरी हा चेन तपासत बसला असेल, नाहीतर मोहाच्या झाडाचे फोटो काढत असेल, असं म्हणून मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. मग मला लांबून इंजिनचा आवाज आल्यासारखं वाटलं. म्हटलं, आलाच. बाजूला सागाची एक वाळलेली फांदी पडली होती. तिला मी अवजारांच्या पिशवीतली पिवळी टेप दोन-तीन वेढे गुंडाळली, डाव्या वाटेवर ती आडवी टाकली आणि निघून गेलो.

वाटेवर फांदी आडवी म्हणजे इकडे यायचं नाही, ही खूण आमच्यातल्या प्रत्येकाला कळते. पण ओढ्याजवळच्या आदिवासी पाड्यातल्या माणसांसाठी वाळलेली फांदी म्हणजे चुलीचं जळण, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. या मुलखात जन्म गेला माझा. रोज डोक्यावर मोळी घेऊन चाललेल्या बायका बघतो मी.

बंधाऱ्यावर पोचलो तेव्हा नंदूने विचारलं, "भरतला फाट्यावरून सोडलास ना?" मी म्हणालो, "हो, मागेच आहे." का म्हणालो? नंदू चिडेल म्हणून. एवढंच कारण. त्या "हो"मुळे आम्ही आणखी वीस-पंचवीस मिनिटं पाण्यात पाय सोडून बसलो, बिस्किटं खाल्ली.  शेवटी जिग्नेश उठला आणि म्हणाला की आता मात्र फार झालं, आणि आम्ही तिघेही मागे फिरलो.

फाट्यावर फांदी नव्हती. भरत नव्हता. मी इंजिन बंद करून कान दिला, पण दुसऱ्या गाडीचा आवाज कुठूनच येत नव्हता. नंदू माझ्याकडे बघत होता, मी दुसरीकडे बघत होतो. मनात "आई" अशी देवीला हाकसुद्धा उमटली नाही तेव्हा. मी खोटं बोललोय आणि ते आता उघडं पडणार, एवढंच सुचत होतं. आणि तेवढ्यात डाव्या वाटेने एक बाई धापा टाकत वर आली. पन्नाशीची असेल. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, हाताला रक्त. तिची बोली मला अर्धीमुर्धी समजते, पण हे समजलं.

"तुमचा माणूस खाली नाल्यात पडलाय. पाय गेलाय त्याचा. चला."

भरत दगडांत पडला होता. बाईक त्याच्या पायावर पडून पुढे घसरत गेली होती. डाव्या पायाचं हाड बाहेर आलं होतं, बूट रक्ताने भरला होता. पण रक्त थांबलं होतं. त्या बाईने मोळीचा दोर सोडून त्याच्या मांडीला करकचून बांधला होता, त्यात एक काटकी घालून पिळला होता. आणि पाय हलू नये म्हणून मोळीतली दोन लाकडं दोन्ही बाजूंनी लावून आपल्या पदराच्या चिंध्यांनी आवळली होती. त्यांतल्या एका लाकडावर पिवळी टेप होती.

मी ते बघितलं आणि खाली बसलो. नंदूला वाटलं मला रक्त बघून चक्कर आली. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला राग आला, त्या बाईचा. हिने उचलली म्हणून झालं, असं मनात आलं. माणसाचं मन किती घाण असू शकतं हे मी त्या दगडांवर बसून बघितलं. जिने भरतला वाचवलं तिच्यावरच मी खापर फोडायला निघालो होतो.

पाड्यातून सहा-सात माणसं आली. त्यांना कुणी बोलावलं ते मला माहीत नाही. एक लांब बांबू आणि एक जाड चादर, एवढ्यात त्यांनी डोली केली. त्यांना त्याची सवय असावी, कुणी कुणाला काही विचारलं नाही. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी चिमूटभर माती घेऊन भरतच्या कपाळाला लावली आणि पुटपुटत कुठल्या तरी देवाचं नाव घेतलं. भरत शुद्धीत होता, पण ओळखत नव्हता कुणाला. मी खांदा द्यायला पुढे झालो तर बाबांनी मला हाताने मागे सारलं.

"तुमी नको. तुमी उंच, डोली तिरपी होते. तुमी फक्त त्याचा पाय धरा. लोंबू देऊ नका."

तर मी तीन-चार किलोमीटर नुसता तो पाय धरून चाललो. माझं काहीच काम नव्हतं, दिशा ठरवायची नव्हती, घाई करायची नव्हती. ती माणसं न थांबता खांदे बदलत होती, एकमेकांकडे बघून नुसती मान हलवत होती. सुरुवातीला मी देवीला काय काय म्हणत होतो! आई, याचा पाय वाचव, मी गाडीला हात लावणार नाही. आई, मी अनवाणी येईन. मंगळवार धरीन. जसजशी चढण लागली तसतसे माझे नवस संपत गेले. हातात मित्राचा पाय, तो गार पडत चाललाय हे बोटांना कळतंय, आणि आपल्याकडे तिला द्यायला काहीही नाही. शेवटी मी फक्त "आई, आई" म्हणत होतो. त्यापुढे काही मागितलं नाही. मागायचा अधिकार कुठे होता मला?

डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा गवताचा एक टेम्पो उभा होता. अर्धाच भरलेला. ड्रायव्हर पंक्चर चाक बदलून नुकताच हात पुसत होता. त्याने भरतकडे बघितलं आणि फळका खाली केला. गवतावर त्याला आडवं केलं. ती बाई टेम्पोत चढली नाही. दोर सोडू नका, डॉक्टरच सोडेल, एवढं सांगून मागे वळली. तिचं नाव विचारायचंही राहिलं. आधी हायवेवरच्या दवाखान्यात नेलं, तिथून वापीला. वापीच्या डॉक्टरांनी सांगितलं की मांडीला दोर नसता तर हा माणूस रस्त्यापर्यंतही पोचला नसता. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाय काढला.

भरतच्या बायकोने, सुजाता वहिनींनी, मला कॉरिडॉरमध्ये विचारलं, "हे वाट कशी चुकले हो? तुम्ही फाट्यावर होता ना?" मी म्हणालो, मी खूण ठेवली होती, कुणीतरी उचलली. यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि सगळं मिळून धडधडीत खोटं होतं. वहिनी म्हणाल्या, तुमचा काय दोष. त्यांच्या त्या तीन शब्दांनी मला दोन महिने झोपू दिलं नाही.

त्या दोन महिन्यांच्या शेवटी मी पाड्यावर गेलो. बाई घरीच होत्या, मोहाची फुलं वाळत घालत होत्या. मी लुगडं नेलं होतं, ते त्यांनी बाजूला ठेवलं आणि आधी विचारलं, "जगला ना तो?" जगला म्हटल्यावर पाय राहिला का हे त्यांनी विचारलं नाही. मी फांदीचा विषय काढला. त्या म्हणाल्या, वाटेत वाळलं लाकूड होतं, उचललं. रोज मी त्या बाजूला जात नाही, त्या दिवशी गेले. कशाला गेलात असं मी पुन्हा विचारलं तर त्या माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशा बघायला लागल्या.  देवीनेच त्यांना तिकडे पाठवलं, असं मला वाटतं ते वाटतं. त्यांच्याकडून ते वदवून घ्यायचं मला काही कारण नव्हतं.

तिथून मी थेट विवळवेढ्याला गेलो. रांगेत फारसं कुणी नव्हतं. देवीसमोर उभा राहिलो तर कितीतरी दिवसांनी डोळे भरून आले. आजवर मी तिला यादी वाचून दाखवायचो. त्या दिवशी म्हणालो, मी असा आहे, तुला ठाऊकच आहे, आता तू सांगशील ते. आणि तिने काय सांगितलं ते मला स्पष्ट कळलं होतं, कारण सबंध वाटभर मी तेच टाळत आलो होतो.

संध्याकाळी भरतच्या घरी गेलो. तो खिडकीशी बसला होता, कुबड्या भिंतीला टेकलेल्या. वहिनी समोरच होत्या. मी सगळं सांगितलं. दहा मिनिटं थांबून कंटाळलो ते, फांदी टाकून निघालो ते, नंदूला "हो" म्हणालो ते. वहिनी उठून आत गेल्या. आजतागायत त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात, आणि ते योग्यच आहे.  मग भरत त्याच्या त्या सावकाश आवाजात म्हणाला,

"मी फाट्यावर थांबलो होतो. गाडी बंद करून. म्हटलं, हा आपल्याला टाकून जायचा नाही, इथेच कुठे झाडामागे गेला असेल. चांगला पंधरा मिनिटं थांबलो रे. मग खाली ती मोळीवाली दिसली, म्हटलं तिला विचारावं, म्हणून त्या वाटेने गाडी खाली घातली."

मला त्याने मारलं असतं तरी चाललं असतं. मी मान खाली घालून रडत होतो, आणि माझ्या डोक्यात एकच येत होतं की याने माझ्यासाठी, मी थांबलो त्याच्याहून जास्त वेळ वाट बघितली. त्याने मला माफ केलं का ते मी विचारलं नाही. माफी मागून घ्यायची वस्तू नाही, मिळाली तर मिळाली. देवीच्या कृपेचंही तसंच असावं. पाय गेला, माणूस राहिला; जे गेलं त्याचा हिशेब मी तिला विचारत नाही आणि जे राहिलं त्याची माझी लायकी नव्हती.

थोड्या वेळाने भरत म्हणाला, "उठ आता. मला गॅलरीपर्यंत चालायचंय." मी कुबड्या आणायला वळलो तर तो नको म्हणाला. त्याने माझा दंड धरला, मी नीट उभा आहे की नाही हे बघितलंसुद्धा नाही, आणि आपलं सगळं वजन माझ्यावर टाकून उठला.