खंडेनवमीचा नारळ आणि पडद्यावरच्या मुंग्या

"गेलं! परत गेलं!" शेठ खालून ओरडले.

मी गच्चीवर छत्रीला टेकून उभा होतो. हातात पाना होता आणि काय करावं ते बिलकुल सुचत नव्हतं.

ही गोष्ट नव्वदीतली, जाफराबादची. मी तिथं शेठच्या केबलच्या धंद्यात टेक्निशियन होतो. छत्री म्हणजे बारा फुटी डिश. तिच्या तोंडासमोर, बरोबर मध्यावर, तीन दांड्यांवर एक डबा असतो, त्याला एलएनबी म्हणतात. वर आकाशात उपग्रह असतो. त्याचा मरतुकडा सिग्नल छत्री गोळा करते आणि डब्यात टाकते. डबा तो खाली रिसीव्हरला देतो आणि तिथून वायरीनं घरोघर चित्र जातं. आमच्याकडं छत्री एकच, तीही त्या पावसाळ्याच्या आधी नवीच बसवलेली. ती गेली की सगळं गाव गेलं.

आणि जायची कधी, तर सकाळी अकरानंतर, ऐन मालिकेत! दसऱ्याच्या सुट्टीत रोज अकराला अंतराळयानाची एक मालिका लागायची. पोरं आंघोळी सोडून टीव्हीसमोर बसायची. यान एखाद्या ग्रहावर उतरायला लागलं की पडद्यावर मुंग्याच मुंग्या. काही मिनिटं नुसती खरखर, मंग आपोआप सगळं साफ. तोवर ऑफिसातला फोन वाजून वाजून हैराण करायचा.

पोरांचा मला राग येत नव्हता. मी मूळचा वाटूरचा. लहानपणी अशीच एक मालिका मी ग्रामपंचायतीच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर बघायचो आणि अंधार पडला की खळ्यावर उताणा पडून बॅटरीनं चांदण्यांना इशारे करायचो. एकदा एक ठिपका सरसर सरकत गेला. यान आलं म्हणून मी बोंबलत घरात पळत गेल्तो. दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, "येडा का काय? उपग्रह होता तो. काही असे पळतात, काही आपल्याला एकाच जागी उभे वाटतात." एकाच जागी उभे! तिथून माझं डोकं फिरलं ते फिरलंच. पुस्तकं सोडून मी रेडिओ उघडत बसलो आणि शेवटी छत्र्या बसवायला लागलो.

तर, मुंग्या सुरू झाल्या त्या बरोबर दसऱ्याच्या दिवशी. आदल्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारं आणि मशिनं पुजतात. आमचे लाइनमन रंगनाथमामा पन्नाशीच्या पुढचे, पण खांबावर सरसर चढायचे. त्यांनी छत्री धुतली, दांड्यांना झेंडूची माळ बांधली आणि छत्रीच्या बरोबर मधोमध कुंकवाचा मोठा टिळा लावला. नारळ मात्र मी फोडला. जोर जास्त झाला आणि पाणी थेट डब्यावर उडालं.

दसऱ्याला मुंग्या आल्यावर शेठनी चार माणसांकडून पूजेचं आणि नारळाच्या पाण्याचं ऐकलं. "छत्रीची पूजा कुणी केली?"

"म्या केली," मामा म्हणाले.

"डब्यात पाणी गेलंय. गावात तोंड दाखवायची सोय न्हाई राह्यली. उद्यापासून येऊ नका."

मी तिथंच उभा होतो. नारळ माझा होता. मामांनी पकड आणि खांबावर चढायचा पट्टा टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं एकदा बघून ते गेले. त्यांचं घर त्या पगारावर चालायचं. मला माझीच लाज वाटत होती, आणि लाज वाटत असून मी गप्प होतो.

मामांना परत आणायचं तर दोष सापडायला पाहिजे होता. मी डबा उघडला. आत कोरडा ठणठणीत. तरी नवा बसवला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजून काही मिनिटांनी मुंग्या हजर, उलट जास्त वेळ. वायर बदलली, तेच. रिसीव्हर बदलला, तेच. बरं, आमचं व्हीसीआरवरचं पिक्चरचं चॅनल त्याच वायरींवरून जायचं आणि ते काचेसारखं स्वच्छ. म्हणजे गावातल्या लाइनचा काही संबंध नव्हता. दोष छत्रीपासून रिसीव्हरपर्यंतच कुठंतरी होता. पण तिथलं जे जे बदलता येईल ते मी बदलून बसलो होतो! बिघाड काय घड्याळ बघून येतो का? मला रात्री झोप लागेना.

शेठ म्हणाले, "काय करून राह्यला तू तीन दिवस?"

"समजून घेऊन राह्यलो, शेठ."

"जल्दी समजून घे. न्हाईतर तूबी जाशील मामाच्या मागं."

चौथ्या दिवशी मी कशालाच हात न लावता छत्रीसमोर नुसता बसलो. पावणेअकराला डब्याची सावली छत्रीच्या एका बाजूला होती. ती हळूहळू सरकत होती. मी बघत राहिलो. सावली मामांच्या टिळ्याला टेकली. मंग अख्खा टिळा तिच्याखाली गेला.

"गेलं!" शेठ खालून ओरडले.

मी ताडकन उठलो. सावली मधोमध, म्हणजे सूर्य नेमका छत्रीच्या नजरेसमोर. छत्री बघते उपग्रहाकडं. म्हणजे सूर्य या घडीला उपग्रहाच्या बरोबर मागं उभा! सूर्याचाही आवाज असतो, रेडिओतल्या खरखरीसारखा, तोही डब्यात शिरतो, आणि त्याच्यापुढं उपग्रहाचा कुठून ऐकू येणार? सावली टिळ्यावरून उतरली आणि खाली चित्र आलं.

शेठना पटेना. "सूर्य काय आजच उगवला का?"

"सूर्य सध्या रोज थोडा थोडा दक्षिणेकडं सरकतो. वर्षातून दोनदा, आत्ता आणि गुढीपाडव्याच्या आधी, काही दिवस तो उपग्रहाच्या मागून जातो. उद्या तुम्ही वर या. टिळ्यावर सावली आली की मुंग्या येतील, सावली हटली की जातील. मी हात लावणार न्हाई."

"आणि न्हाई झालं तर?"

"मंग मलाबी काढा. पण मामांना उद्या बोलवा."

पाचव्या दिवशी गच्चीवर छोटा टीव्ही लावला. शेठ होते, मामा कोपऱ्यात उभे होते. मालिका सुरू झाली. सावली टिळ्याला टेकली आणि चित्र तसंच! सावली अर्ध्यावर आली तशी एक मुंगी दिसली, मंग दहा, मंग पडदाभर. शेठ कधी टिळ्याकडं बघत, कधी पडद्याकडं. सावली उतरली, चित्र आलं.

"म्हणजे पूजेचा काहीच दोष न्हाई?" शेठ म्हणाले.

"न्हाई. आणि नारळ मी फोडला होता, शेठ. मामांनी न्हाई."

शेठनी स्वतः खाली जाऊन मामांचा पट्टा आणून दिला. अजून दोन दिवस मुंग्या कमी कमी होत आल्या आणि गेल्या.

त्या पाचव्या दिवशीच संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी मामांना म्हणालो, "माफ करा मामा. नारळाचं तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"मला काय म्हाईत नव्हतं व्हय?" मामा म्हणाले. "बाजूलाच उभा व्हतो की. वाटलं, तू सांगशील. चार दिवस वाट पाह्यली."

पुढं मी कितीतरी छत्र्या बसवल्या. बिघाड आला की अजूनही आधी आकाशाकडं बघतो. पण त्याच्याही आधी, काल मशीनला मी स्वतः काय केलं, ते मोठ्यानं सांगून टाकतो.