वजन होत नाही हो

कुठलीही वस्तू दुसऱ्याच्या हाती देण्याआधी तो ती तळहातावर दोनदा वरखाली करायचा आणि म्हणायचा, "वजन होत नाही हो." मग तो पराठ्यांचा डबा असो की छत्री. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. देतात तीच, आणि वर आपल्यालाच त्रास दिल्यासारखी बोलतात.

मी तेव्हा महिनाभर डब्लिनला होते, आयर्लंडमधल्या दुष्काळाच्या जुन्या कागदपत्रांचा अभ्यास करायला. निदान विद्यापीठाला तरी मी तसं सांगितलं होतं. तो शेजारच्याच लिक्सलिप गावात, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात तंत्रज्ञ होता. मूळचा नागपूरचा, म्हणजे माझ्याच गावचा. कुणाच्या तरी ओळखीतून त्याला माझा नंबर मिळाला आणि पहिल्याच रविवारी स्वारी गाडी घेऊन दारात हजर!

"ताई, कागद कुठे पळून जातात? ऊन पडलंय. इथे ऊन पडलं की हातातलं टाकून निघायचं असतं."

चार रविवार त्यानं मला फिरवलं. समुद्रावरचे कडे, किल्ले, मठांचे पडके मनोरे, मी काही म्हणता काही सोडलं नाही. गाडी त्याची, ड्रायव्हर तोच, पराठेही त्याच्याच हातचे. "अहो, तो एक किल्ला राहिलाच की," मी म्हणायची, आणि तो तिथल्या लोकांसारखं "ग्रँड", म्हणजे ठीक आहे, म्हणून गाडी वळवायचा.

स्वतः मात्र गाडीतून उतरायचा नाही. "तुम्ही पाहून या, मी बसतो." मी तासाभरानं भिजून परत यायची, तर हा घाईघाईनं सीटखाली काहीतरी कोंबत असायचा.

"काय हो, चोरून सिगारेट ओढता की काय?"

"नाही हो ताई, तसं काही नाही." कानापर्यंत लाल व्हायचा.

मला वाटायचं, काय अरसिक माणूस आहे! जगभरातून लोक इथे बघायला येतात आणि हा काच वर करून बसून राहतो. नागपूरच्या मैत्रिणींना फोनवर मी त्याची नक्कलसुद्धा करून दाखवली. खूप हसलो आम्ही.

निघायच्या आदल्या दिवशी तो एक पुडकं घेऊन आला. खाकी कागद, सुतळी, आणि वर ठसठशीत अक्षरांत आईचं नाव. तळहातावर दोनदा वरखाली झालंच. "आईसाठी स्वेटर आहे. वजन होत नाही हो. पण हातात नेऊन द्याल का? काचबिंदूनं तिची नजर गेलीय. अनोळखी माणसाला दार उघडत नाही." परदेशातून गावी निघालेल्या माणसाजवळ अशी पुडकी सगळेच देतात, आणि त्याला नाही म्हणायची रीत नाही. "अहो, त्यात काय एवढं!" मी म्हणाले.

विमानतळावर माझी बॅग जड भरली. "काहीतरी काढा," काउंटरवरची मुलगी म्हणाली. मी तिथेच फतकल मारून बॅग उघडली. कॉफीचे चार मग होते, दगडी मेंढरांची जोडी होती, काचेच्या चौकटीतलं कड्याचं चित्र होतं. आणि पुडकं होतं. स्वेटर काय, नागपुरात हवे तेवढे मिळतात, असं मनाशी म्हणत मी ते बाकावर ठेवलं आणि निघाले. अंगात घालून नेता आला असता, हे विमानात सुचलं. खरं सांगू? सुचलं तिथेच होतं. पण मग तो खाकी कागद फाडावा लागला असता, आणि मागे रांग खोळंबली होती, आणि मला चित्र हवं होतं.

नागपुरात पोचल्यावर सीताबर्डीच्या बाजारात एक स्वेटर घेतला. खाकी कागद, सुतळी. नावसुद्धा मीच ठसठशीत अक्षरांत लिहिलं. निर्लज्जपणाला पण कष्ट पडतात बघा.

त्याच्या म्हाताऱ्या आईनं सुतळी सोडली, स्वेटर मांडीवर घेतला आणि बाहीवरून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. तिचा चेहरा फुलून आला.

"काय सफाई आली वं पोराच्या हाताले! मीच शिकवलं होतं त्याले लहानपणी. दर वेळेस टाके सोडे. आता तिकडे गेल्यावर पुन्हा सुया धरल्या म्हणे. तुमाले फिरवायले न्यायचा ना, तवा गाडीत बसून इनला." तिनं गळ्याची पट्टी चाचपली. "एक टाका नाही सुटला, बाई!"

तोवर मला आत घेऊन आलेल्या शेजारणीनं त्याला फोन लावून म्हातारीच्या हातात दिलाही होता. आवाज खोलीभर येत होता.

"एकबी टाका नाही सुटला रे राजा!"

पलीकडून कारखान्यातली घरघर तेवढी ऐकू येत होती.

"हो ना आई," तो अखेर म्हणाला. "जमलं या वेळी. ताईंना दे जरा."

मी फोन कानाला लावला.

"ताई, वजन झालं का हो?"

रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं विचारलं, प्रवास कसा झाला विचारावं तसं. खरं बोलायची ती एवढी एक संधी होती, आणि म्हातारी माझ्याकडे तोंड करून हसत बसली होती.

"नाही हो," मी म्हणाले.

"ग्रँड. चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. आई चहा छान करते."

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मी तर करूच शकले नाही. त्या दिवशी मात्र म्हातारीनं तो स्वेटर अंगात घातला, भिंत चाचपत स्वयंपाकघरात गेली, आलं किसून चहा केला, आणि मी तो बसून प्यायले.