करडाच्या पोटातलं दही

फुलसिंग बोरी अरबजवळच्या तांड्यात शेळ्या राखायचा. सून बिजलीबाई त्याच्यासमोर घुंगट ओढायची. सासरा-सुनेनं एकमेकांशी बोलायची रीतच नव्हती.

१९५८ च्या हिवाळ्यात बिजलीला मुलगा झाला. दूध पिऊन झालं की तो दह्यासारख्या गाठी ओकायचा. सासू रामीबाई म्हणाली, "तुह्यं दूध नासलं व. आता पाजू नको त्याले." साखरपाण्यावर लेकरू सुकत चाललं. बिजलीची चोळी दुधानं भिजायची आणि पदर आसवांनी.

एका सकाळी दूधपितं करडू गाडीच्या चाकाखाली येऊन मेलं. ते सोलायला बसलेल्या फुलसिंगनं पोट चिरलं आणि तो थबकला. मग बिजलीकडे पाठ करून त्यानं बायकोला हाक मारली.

"पाह्य व, याच्या पोटात काय हाये."

"दही दिसते."

"आत्ताच मायचं दूध पेलं होतं यानं. मंग शेळीचं दूध नासलं का? तान्ह्या जीवाचं पोटच दूध इरजते, तवा थे पचते. थोडं वर आलं तर कायले भेतं?"

"मले अक्कल शिकवून राह्यले का?"

"तुले कोन शिकवते? ज्याले समजाचं, त्याले समजलं."

बिजलीनं तोवर लेकराला पदराखाली घेतलं होतं. ते घटाघटा पिऊ लागलं, आणि चार दिवसांत त्याच्या गालांवर तजेला आला.

बिजली सासऱ्याशी पुढेही कधी बोलली नाही. पण पोरगं चालू लागलं, तसं तव्यावरची पहिली भाकर आज्यासाठी त्याच्या हाती देऊन ती म्हणायची, "जाय, बापूले म्हनजो, गरम हाये तवर खा."