दळण सर

विद्यार्थी सर्वेक्षणाला निघाला की आमचे राज्यशास्त्राचे सर त्याच्या हातात कोरी वही देत, आणि पाच किलो ज्वारी. सेलूच्या कॉलेजात त्यांना सगळे दळण सर म्हणत.

"सरपंचाकडं गेलीस तर भाषण मिळंल," मला म्हणाले. "गिरणीवर दळण लाव अन् गप बस. नंबर येईस्तोवर गाव सगळं सांगून टाकतंय."

खरंच होतं ते. एम.ए.ला असताना मी राणीसावरगावच्या गिरणीवर दोन महिने बसले. बाई सरपंच असली तरी सही कोण करतं, मत कुणाच्या धाकानं पडतं, सगळं तिथं कळलं. सात वह्या भरल्या. सर वाचून खूश. "लय भारी काम हाय पोरी."

एवढं भारी, की वर्षभरात त्याचं पुस्तक निघालं, सरांच्या नावानं. वाक्यं माझी, आणि माझं नाव आभारातसुद्धा नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. जाब विचारला, तर म्हणाले, "तुझं लय आयुष्य पडलंय. मी रिटायर व्हायलोय." कितीही वर्षं लागोत, हे फेडायचं, असं मी तेव्हाच ठरवलं.

पुढं जर्मनीत पीएच.डी. केली. मग केनियात मक्याच्या गिरणीवर बसले, पोर्तुगालमध्ये कपडे धुवायच्या दुकानात. युक्ती त्यांचीच, नाकारत नाही. तीन पुस्तकं झाली. आभारात घरमालकिणीपर्यंत सगळे आले, सर नाहीत. दर वेळी त्यांचं नाव आधी लिहायची आणि मग खोडायची. फार बरं वाटायचं.

गेल्या वर्षी कॉलेजनं माझा सत्कार ठेवला. सर पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीचा सदरा घालून. शेजाऱ्याला कोपरानं ढोसून सांगत होते, "माझी विद्यार्थिनी हाय." मी दळणाची गोष्ट काढली तसे ते सरसावून बसले. "ही पद्धत मला ज्यांनी शिकवली," म्हणून मी थांबले, जरा जास्तच थांबले, "ते राणीसावरगावचे गिरणीवाले मामा." टाळ्या पडल्या. सरांनीही वाजवल्या.

नंतर पायरीवर गाठलं मला. "माझं नाव ऱ्हायलं गं."

"ऱ्हातंय सर कधीकधी. तुमच्या पुस्तकात माझंबी ऱ्हायलं होतं."

"बराबर हाय," म्हणाले, आणि रिक्षा शोधायला गेले.

दिवाळीनंतर सर वारले. परवा चौथ्या पुस्तकाचे आभार लिहायला बसले. त्यांचं नाव लिहिलं, सवयीनं खोडलं. ते पान शोधून तळमळणारं आता कुणी उरलं नव्हतं. तरी मी ते खोडलेलंच ठेवलं.